तिसऱ्या मुद्द्यावरची हरकत

बाबा तीन महिन्यांसाठी आइंडहोवनला माझ्याकडे आले, तेव्हा बॅगेत मेतकूट होतं आणि डोक्यात जवळजवळ तीस वर्षांपूर्वीचं भांडण.

भांडण चीनवरून. तिथले अध्यक्ष वारले आणि गादीवर आलेल्या वारसाने जाहीर केलं, की दिवंगत नेत्याचे सगळे निर्णय कायम राहतील. आमच्या तालुक्याच्या गावात कम्युनिस्ट पक्षाची सात जणांची शाखा. तिथे बाबांनी हिरिरीने त्या वारसाची बाजू घेतली. त्यांचे जिवलग मित्र, म्हणजे आमचे काका, म्हणाले, माणूस गेला, आता निदान त्याच्या चुकांवर बोलू या. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. पुढे चीननेसुद्धा ते धोरण सोडलं. बाबांनी नाही.

आता काका पुण्यात अंथरुणाला खिळले होते. काकूंचा मला फोन आला, "फार दिवस नाहीत गं. बाबांना एकदा बोलायला सांग." मी त्याच संध्याकाळी भारताचं फोनकार्ड आणलं.

"असा उठून फोन करतात का?" बाबा म्हणाले. "आधी निवेदन लिहायला हवं."

शाखेची पद्धत! निवेदन वाचायचं, प्रत्येक मुद्द्यानंतर थांबून ‘हरकत?’ असं विचारायचं. काकांनी म्हणे एकही मुद्दा कधी सुखासुखी जाऊ दिला नव्हता. बाबा रोज लिहायचे, रोज फाडायचे. मी ऑफिसातून सायकल हाणत, भिजून घरी यायचे, तर टेबलावर कागदाचे बोळे. माझं डोकंच फिरायचं.

"बाबा, काका चाललेत, आणि तुम्ही शब्द कसले बदलताय!"

"तिसरा मुद्दा जमत नाहीये," ते म्हणाले.

त्यांच्या हातातून कागद ओढून मीच नंबर फिरवायला हवा होता. तो राग अजून गेलेला नाही, त्यांच्यावरचाही आणि माझ्यावरचाही.

पाचव्या आठवड्यात, रविवारी सकाळी, ते आपणहून म्हणाले, "लाव फोन."

मी स्पीकर चालू केला. काकू म्हणाल्या, "परवापासून वाचा गेलीय त्यांची. ऐकू येतं पण. कानाशी धरते हं."

बाबा उभे राहिले. पहिला मुद्दा वाचला. "हरकत?" थांबले. दुसरा वाचला. "हरकत?" पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"मुद्दा तिसरा. माझी भूमिका चुकीची होती. तिच्यापायी मी मित्र टाकला. हरकत?"

बाबा फोनकडे वाकले.

"घे की रे हरकत," ते म्हणाले. "नेहमी घ्यायचास."