तेजस्विनीची चुकलेली बेरीज

माझी धाकटी बहीण तेजस्विनी पुण्यात सैद्धांतिक भौतिकशास्त्रात संशोधन करते. म्हणजे प्रयोगशाळा नाही, यंत्रं नाहीत. फळा, कागद आणि गणित. पंधरा वर्षांत तिचं काम नेमकं काय, हे आमच्या राजुरी गावात कुणाला सांगता आलं नाही, मलाही नाही. तरी तिचा मोठा शोधनिबंध छापून आला तेव्हा गावानं फ्लेक्स लावला. त्यावर तिच्यापेक्षा पुढाऱ्यांचेच फोटो मोठे होते.

गेल्या शनिवारी ती अचानक घरी आली. जेवली नाही. काही मोठं दुखणं निघालं की काय, असं मला वाटलं. आमचे वडील, अण्णा, बराखीत साठवलेला कांदा निवडत बसले होते. ती त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि बोलायला लागली.

त्या शोधनिबंधात चूक होती. कधी न संपणारी एक बेरीज तिनं आकडे मागेपुढे करून सोपी केली होती. साध्या बेरजेत क्रम बदलला तर काही बिघडत नाही. असल्या काही बेरजांत मात्र उत्तरच बदलतं. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती स्वतः हेच शिकवते. सहा वर्षं ना तिच्या ध्यानात आलं, ना तपासणाऱ्यांच्या.

"कुनाला कळलंय का?" मी विचारलं. खरं सांगतो, तिनं गप्प बसावं असंच मला वाटत होतं.

"नाही रे. म्हणून तर जास्त भीती वाटते."

अण्णांनी एक सडका कांदा बाजूला टाकला. "त्याच्यावर आनखी काय रचलंय का?"

तिला रडू फुटलं. जुन्नरची झेबा तिची विद्यार्थिनी. तिचा चार वर्षांचा प्रबंध त्याच उत्तरावर उभा होता आणि सोमवारी जमा व्हायचा होता.

"मंग खालचा सडका काढाया समदं वरनं उतरवायला लागंल," अण्णा म्हणाले. "न्हाईतर समदंच पाणी सोडतं."

तिनं झेबाला फोन लावला. स्पीकर चालू करून ओट्यावर ठेवला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मॅडम, मला दिवाळीतच सापडलं होतं," झेबा म्हणाली. "तीनदा तुमच्या केबिनच्या दारापर्यंत आले. सांगायची भीती वाटली."

फोन ठेवल्यावर तेजस्विनी माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, इतकी भीती वाटते माझी?"

शाळेत असताना तिच्या वहीत चूक दिसली, तरी मीही गुपचूप वही मिटून ठेवायचो.