टोप घातला आणि ‘अहो’ झालो

टोप आणायला जातो, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मोठा आणा, झाकणासकट. मटणाला जुना पुरत नाही." मी तर डोक्याचंच झाकण आणायला निघालो होतो.

पंचविशीत केस गेले, तेव्हापासून आरशात मी भुवयांच्या वर पाहिलेलं नाही. घरात फोटो निघायचे तेव्हा कॅमेरा मीच धरायचो. भाचीचं लग्न ठरलं आणि मी ठरवलं, या फोटोंत आपण असायचं. केसांसकट, हसत.

उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या सिंधी दुकानदाराने टोप माझ्या डोक्यावर चिकटवला, डावीकडून भांग पाडला आणि म्हणाला, "साईं, एकदम फर्स्ट कॉपी." कोणाची, हे मी विचारायला हवं होतं. आरशातला माणूस देखणा होता. मी हसलो. तोही हसला, पण शपथेवर सांगतो, किंचित उशिरा.

बदलापूरला घरी जाण्याआधी वाटेत मोरिवलीला उतरलो. म्हटलं, आधी आईला चकित करू. भर दुपार होती. आजूबाजूचे कारखाने सुट्टीमुळे बंद होते, त्यामुळे माझ्याच चपलांचा आवाज मागून येतोय असं वाटत होतं. आई ओटीवर तांदूळ निवडत होती. डोकं तल्लख, नजर तेवढी अधू. तिने मान वर केली, सूप खाली ठेवलं आणि डोक्यावरून पदर घेतला.

"अहो, आज लवकर आलात?"

आईने ‘अहो’ आयुष्यात एकाच माणसाला म्हटलं. त्यांना जाऊन अठरा वर्षं झाली. दाट केस, डावीकडे भांग.

"अगं, मी आहे," मी म्हणालो. आवाजही त्यांचाच निघाला.

आई लाजली. तिला लाजताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या ओटीवर तिचा नवरा उभा होता. मी कुठेच नव्हतो.

मी टोप खसकन ओढला. आईने डोळे बारीक केले, माझ्या टकलावरून हात फिरवला.

"तू होय रे टकलू. कधी आलास?" मग माझ्या खांद्यावरून मागे, रिकाम्या अंगणाकडे पाहत म्हणाली, "आणि ते कुठे गेले? पाणीसुद्धा न घेता?"

लग्नाच्या फोटोत मी पहिल्या रांगेत आहे, टक्कल चमकवत. आरशातला माणूस आता माझ्याबरोबरच हसतो.

टोप मात्र आईने मागून घेतला. मोरिवलीला खुंटीवर असतो. ती रोज त्याचा भांग पाडते, डावीकडून.