रॅकची उंची

मच्छे गावातला भरमा पिकअपच्या हौद्यावर ताडपत्रीचं झाकण आणि रॅक बसवून देतो. काम घेण्याआधी तो गिऱ्हाइकाला एकच विचारतो, "माल कोण चढवतंय?"

बेळगुंदीचा परशराम म्हणाला, "बायको चढवती. मी गाडी चालवतो. रॅक उंच कर, लई माल बसला पायजे."

भरमा भडकला. "मग तू कशाला आलास? वैनीला घेऊन ये!"

दुसऱ्या दिवशी जयाबाई आली. भरमानं तिला हौद्याशेजारी उभं करून हात वर करायला सांगितला, तिच्या मनगटाशी रॅकच्या खांबावर खडूची खूण केली आणि खांब तिथंच कापला.

खाली पडलेल्या तुकड्याकडं बघत जयाबाई म्हणाली, "भरमाण्णा, शिंपी सोडला तर आजवर माझं माप कुणी घेतलं न्हाय."