साक्षीदार फुटू नये म्हणून

प्रभूने माझ्या डोळ्यांवरचा पडदा दूर केला, असे मी मंडळीत उभा राहून सांगतो तेव्हा मागच्या बाकांवरून ‘आमेन’ ऐकू येते. तपशिलात थोडी दुरुस्ती हवी. पडदा नव्हताच. डोळ्यात दाब वाढला होता, आणि तो एका डॉक्टरांनी उतरवला. प्रभूने काय केले ते सांगायला वेळ लागतो आणि त्यात बंद पडलेली एस. टी. येते, म्हणून मी सहसा पडद्यावरच थांबतो. आज सगळे सांगतो.

सन साठच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा शिरूरला शाळेत मराठी शिकवत होतो. डावा डोळा लहानपणी देवीच्या साथीत गेलेला, त्यामुळे पुस्तके, वह्या आणि संसार असा सगळा भार उजव्यावर. तो दुखू लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, आणि एका सकाळी वर्तमानपत्राचा मथळाही लागेना. गावातल्या डॉक्टरांनी हात टेकले. डोळ्यांचे एक मोठे डॉक्टर त्या दिवशी दौंडला चर्चच्या आवारात रोगी तपासणार होते आणि दुपारच्या आगगाडीने सोलापूरकडे परतणार होते. त्यांना आजच गाठा, उद्यावर टाकलेत तर डोळा गेला म्हणून समजा, असे गावातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. मी प्रार्थना केली, पण माझा आवाज तक्रारअर्ज वाचणाऱ्यासारखा येत होता.

बरोबर माझी पत्नी सगुणा होती, आणि खरी अडचण तिथेच होती. आदल्याच रविवारी आमच्याकडे एक पाहुणे उपदेशक येऊन गेले होते. कमान उभारली, हारतुरे झाले, पेटीवर स्वागतगीत झाले. प्रास्ताविक इतके लांबले की नम्रतेवरचा उपदेश त्यांना आवरता घ्यावा लागला. तरी तेवढ्यात ते सांगून गेले की ख्रिस्ती माणसाची प्रत्येक लहानसहान कृती ही साक्ष असते. अशी वाक्ये ऐकून घरी जायचे असते. सगुणा ती मनावर घेते.

एस. टी. शिरूर सोडते न सोडते तोच तिने माझी खिडकीजवळची जागा एका मळमळणाऱ्या बाईला दिली. मी एका हाताने दांडी आणि दुसऱ्याने डोळा धरून उभा राहिलो. पुढे त्या बाईचे मूलही तिने घेतले. पाण्याचा तांब्या आमच्यासाठी घेतला होता, तो अर्ध्या गाडीत फिरून रिकामा परत आला. मी काही बोललो नाही, असे मला आठवते. मी सारखा बोलत होतो, असे सगुणाला आठवते.

वरवंडला पोहोचताच गाडीच्या तोंडातून वाफ आली. ड्रायव्हरने घाईने रेडिएटरचे झाकण फिरवले आणि हात भाजून घेतला. माझ्या डोळ्यावर ठेवायला सगुणाने स्वच्छ फडकी उकळून, वाळवून आणली होती. तिने ती काढली आणि रस्त्याच्या कडेला बसून त्या माणसाचा हात नीट बांधून दिला. दुसरी गाडी कधी येईल ते कंडक्टरला सांगता येईना. सूर्य वर चढत होता. डोळ्यातली कळ आता कपाळात शिरली होती, आणि माझी फडकी शासनाच्या नोकराच्या हाताला गुंडाळली जात होती.

पारावर बसलेले एक म्हातारे शेतकरी हे सगळे पाहत होते. गाव त्यांना आप्पा म्हणे. त्यांनी मला विचारले, “बाई नर्स हायेत का?”

“नाही,” मी वैतागून म्हणालो. “साक्ष देताहेत.”

आप्पा ताडकन उठले. “साक्ष? कुठं, दौंडला?”

“दौंडलाच निघालो होतो,” मी म्हणालो. ते खरे होते.

आप्पांचा भावकीशी बांधावरून खटला चालू होता, हे मला नंतर कळले. त्यांचा एकुलता एक साक्षीदार ऐन तारखेला विरुद्ध बाजूच्या टांग्यातून भेळ खात उतरला होता. तेव्हापासून स्वतःहून साक्षीला निघालेला माणूस त्यांना बघायला मिळाला नव्हता. त्यांनी रस्त्यात उभे राहून गुळाचा एक ट्रक अडवला. ट्रकवाले रहिमभाई त्यांच्या ओळखीचे होते. आम्हाला केबिनमध्ये चढवून आप्पा स्वतः दाराशी बसले, साक्षीदार वाटेत फुटू नये म्हणून.

“साक्ष कुणाच्या बाजूनं हाय?” त्यांनी विचारले.

“येशूच्या,” सगुणा म्हणाली.

“तुमच्यातलाच का?”

“आमचे धनीच ते.”

“मारामारीची केस?”

“नाही हो आप्पा. त्यांचा काही गुन्हाच नव्हता. तरी शिक्षा झाली.”

“हां. साक्षीदार फुटले आसतील.”

“जवळचे होते ते सगळे पळाले. एकानं तर ओळखतच नाही म्हणून सांगितलं.”

“भावकी,” आप्पांनी उसासा सोडला. “मंग सुटला का न्हाई?”

“सुटले. तिसऱ्या दिवशी.”

पाटसचा फाटा येईपर्यंत आप्पा बोटांवर हिशेब करत होते. मग हळूच म्हणाले, “तीन दिसात अपील? वकील कोन व्हता?”

रहिमभाईंना खोकला आला. मी डोळा दाबून बसलो होतो. शुभवर्तमान इतक्या थोडक्यात आणि इतक्या लक्ष देणाऱ्या श्रोत्याला सांगितलेले मी तोवर ऐकले नव्हते. पेटीही नव्हती.

दौंडात शिरताच आप्पा म्हणाले, “कोर्टावर घे.” रहिमभाईंनी ट्रक मुकाट्याने चर्चच्या आवारापाशी नेला. मला उतरवताना ते कानाशी म्हणाले, “मास्तर, आमच्यात बी मानत्यात त्यांना. आप्पांना मी जाताना समजावतो.”

पण सगुणा त्याआधीच आप्पांना सगळे सांगत होती. माझा डोळा, डॉक्टर, गाडी. तुमचा गैरसमज झाला, मी आधीच उलगडून सांगायला हवे होते, असे म्हणून तिने हात जोडले. आप्पांनी आवारात रांगेत बसलेल्या, डोळ्यांना पट्ट्या बांधलेल्या माणसांकडे पाहिले.

“आन् ही साक्ष संपती कवा?”

“संपत नाही आप्पा. रोजच असते.”

“मंजी खटला लई मोठा हाय,” आप्पा म्हणाले. त्यांनी फेटा नीट केला आणि रांगेच्या तोंडाशी जाऊन सांगितले की मास्तरांचा एकच डोळा हाय आन् त्यो बी चाललाय, वाईच वाट द्या. स्वतःचे डोळे दुखत असलेल्या माणसांनी वाट दिली. डॉक्टर सामान बांधत होते. त्यांनी थेंब घातले, त्याच आगगाडीने मला आपल्याबरोबर सोलापूरला नेले आणि डोळा वाचवला.

ही प्रभूची योजना होती, असे मी म्हणत नाही. रेडिएटर तापवून डोळा वाचवायचा हा मार्ग मला आजही फार वळणाचा वाटतो. पण ज्या ज्या गोष्टीवर मी सकाळपासून चिडत होतो, त्यांतली एक जरी माझ्या मनासारखी झाली असती, तर फडकी पिशवीतच राहिली असती आणि आप्पा पारावर. सकाळी वर्तमानपत्र उघडताना माझी मान आधी खाली जाते, मग मी मथळा वाचतो. तेव्हापासून प्रवासात तांब्या सगुणाच्या हाती देतो आणि तो कुठे फिरतो ते बघत नाही. समर्पण म्हणजे माझ्यापुरते एवढेच. तेही रोज जमत नाही.

पुढे गुऱ्हाळे लागल्यावर आप्पा गुळाची ढेप घेऊन शिरूरला आमच्या दारात उभे राहिले. बांधाच्या खटल्याची तारीख लागली होती आणि साक्षीदार म्हणून त्यांना सगुणा हवी होती. सगुणाने तो बांध कधी पाहिलेला नव्हता. आप्पांच्या मते ही अडचण किरकोळ होती.