बाहेरून रंगवलेली गाडी

सकाळी टेबलावरच्या दिव्याची तुटलेली वायर जोडायला बसलो आणि सोल्डरिंग गनच्या टोकावर वितळणाऱ्या राळेचा तो गोडसर, डोळ्यांत चुरचुरणारा धूर नाकात शिरला. झालं! दिवा राहिला बाजूला, मन थेट बसवनगुडीत, मावशीच्या घराच्या मागच्या व्हरांड्यात जाऊन बसलं. तिथंच काकांच्या हाताखाली, असाच धूर खात, मी एक जुनी रिमोटची गाडी पुन्हा उभी केली होती.

गाडी त्यांच्या मुलाची, माझ्या मावसभावाची. काका पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं घडवायच्या खात्यात होते. कामासाठी जपानला गेले तेव्हा त्यांनी ती सुट्या भागांच्या खोक्यात आणली. शाळकरी पोरानं ती स्वतः जोडली, स्वतः रंगवली. पुढं कॉलेजात असताना साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. गाडी ट्रंकेत गेली. निवृत्तीनंतर कधीतरी काका एकदम म्हणाले, "ये रे रविवारी. गाडी चालू करूया." माझे केस पिकलेले, तरी मी धावतच गेलो.

त्यांची हत्यारं बघून आधी हसूच आलं. खाचांतली माती काढायला झिजलेला टूथब्रश, चिकटलेली लेबलं सैल करायला शेजारणीचा हेअर ड्रायर. नायलॉन जुनं झालं की कोरडं पडून काडकन मोडतं, म्हणून ते पाण्यात उकळायचं, आणि त्यासाठी घेतलेलं पातेलं चक्क स्वयंपाकघरातलं. "अय्यो, माझं साराचं पातेलं!" मावशी ओरडली. "स्वल्प थांब गं, देतो परत," काका शांतपणे म्हणाले. जपानी स्क्रू ड्रायव्हरला मात्र त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्या स्क्रूची फुली दिसते आपल्यासारखीच, पण आपला ड्रायव्हर तीत नीट बसत नाही आणि जोर लावला की फुलीचा नुसता खळगा होतो. "आधी दाब, मग फिरव," ते सांगत. माझ्यासारख्या उतावळ्या माणसाला कुणीतरी हे फार आधी सांगायला हवं होतं.

मग निघालं वरचं कवच. ते पारदर्शक प्लास्टिकचं असतं आणि रंगवायचं आतून, म्हणजे बाहेर कितीही घासलं तरी रंग जात नाही. पोरानं ते रंगवलं होतं बाहेरून! नवशिके हमखास करतात ती चूक. लाल रंगाचे पोपडे सुटलेले, त्यावर वाकडातिकडा सातचा आकडा. मी स्पिरिटमध्ये कापूस भिजवला. "पुसून टाकतो काका, मग आतून झकास रंगवू." काका "सरी, पूस" म्हणाले; चुकलेलं काम पुढं पाठवायचं नाही, ही त्यांची जन्माची सवय.

"ठेव तो बोळा खाली!" मावशी दारात उभी होती. "चुकलंय ते मलाही दिसतंय. पण त्याच्या हातचं तेवढंच उरलंय रे."

"अगं, पण चालवली तर ते झडणारच," काका म्हणाले.

"चालवून झडू दे. पुसून नको."

काकांनी स्वतःच स्पिरिटच्या बाटलीला बूच लावलं.

पुढच्या रविवारी आम्ही शहराबाहेर देवनहळ्ळीला गेलो. तिथं नव्या लेआउटात रस्ते झाले होते, घरं व्हायची होती. रिमोट मावशीनं घेतला. गाडी सुसाट निघाली, खड्यावर उडाली, उलटली आणि टपावर घसरत गेली. मी धावलो. उचलून बघतो तर सातचा अर्धा पाय रस्त्यावरच राहिलेला. मावशी मात्र पदर तोंडाला लावून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईतो. "अगदी त्याच्यासारखीच उलटवली की मी! सरळ कर, सरळ कर." आणि काकांनी, किती वर्षांनी कोण जाणे, मुलाचं नाव घेऊन त्याच्या खोड्या सांगायला सुरुवात केली. परतीच्या वाटेवरही ते थांबेनात.

मी तो बोळा फिरवला असता तर गाडी सुंदर दिसली असती आणि कपाटात बसली असती. मावशीनं वेळेवर मला दटावलं, तिचे उपकार मी विसरणार नाही. गाडी अजून देवनहळ्ळीला जाते. मागच्या खेपेस पाहिलं तर रंग झडून कवच पार स्वच्छ झालं होतं, आतली फिरणारी चाकं दिसत होती. मी घाबरत घाबरत मावशीला सांगितलं.

"संपला का सगळा?" तिनं कवचावरून हात फिरवला आणि रिमोट माझ्या हातात दिला. "घे, आता तू चालव."