उसाच्या गाडीमागचं ताट

पौषातलं धुकं आमच्या रस्त्यावर सकाळी आठपर्यंत रेंगाळतं. झाडं, मैलाचे दगड, पुढचं वळण, सगळं जणू कुणी अलगद पुसून टाकतं. परवा स्कूटरवरून शाळेत शिकवायला निघाले होते, तर समोर एकाएकी चंद्र उगवला. वाटोळा, पांढरा, रस्त्यापासून हातभर वर. मी घाबरून ब्रेक दाबला.

पाहते तो उसाची बैलगाडी. मोळ्यांच्या मागे सुतळीने उभं-आडवं बांधलेलं स्टीलचं ताट माझ्याच दिव्याच्या उजेडात चमकत होतं. राखेने घासून लख्ख केलेलं. शेजारून एक ऊसतोड बाई डोक्यावरून शाल घेऊन चालत होती.

"लाल रिफ्लेक्टर नाही का लावला?" मी विचारलं.

"लावला व्हता की, ताई. पडला कुठंतरी, कळलंबी न्हाई," ती म्हणाली. "ताट न्हाई पडत. सांजच्याला त्यातच जेवायचं आस्तंय, म्हून आवळून बांधते."

मी गाडीमागून सावकाश जात राहिले. धुक्यात आपण पुढचं दिसावं म्हणून डोळे ताणतो. मागच्याला आपण दिसतो का, हे कुठे मनात येतं? ही बाई मात्र मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठी रोज ताट घासते.

कारखान्याच्या फाट्यावर गाडी वळली आणि चंद्र धुक्यात विरला. मी स्कूटर कडेला घेतली. माझा मागचा दिवा धुळीने पार मातकट झाला होता. ओढणीचं टोक गवतावरच्या दवात भिजवलं आणि तो पुसू लागले. मागून, धुक्यातून, कुणाची तरी गाडी येत होती.