मासवडीबरोबर कोणती वाईन?

चार माणसं दर शनिवारी एकत्र जेवायला बसली की किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. ते साठतात. आमच्याकडं तर एवढे साठलेत, की त्यातल्या निम्म्यांवर आमचाच अजून विश्वास बसत नाही.

वाईन आमच्यात आली ती दत्तामुळं. पिंपरी पेंढारला त्याची द्राक्षबाग. त्यातला एक एकर त्यानं वाईनच्या द्राक्षांना दिला, तेव्हा वायनरीच्या साहेबांनी त्याच्या हातात दोन बाटल्या ठेवल्या. तेवढ्यावरून दत्ताच्या घराच्या ओट्यावर शनिवारची बैठक सुरू झाली. दत्ता, त्याची बायको सुरेखावहिनी, ओतूरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवणारा सुनील आणि मी. माझं ओतूरला पाण्याच्या जळलेल्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान आहे. वाईन कशाबरोबर खातात-पितात, हे चौघांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

पहिल्या शनिवारी वहिनींनी गावरान कोंबडीचा झणझणीत रस्सा केला. आम्ही दोन घास खाल्ले आणि वर लाल वाईनचा मोठा घोट घेतला. तिखट जिभेवरून कानात, कानातून डोक्यात! दत्ताच्या डोळ्यांना धारा लागल्या. सुनीलनं नाक पुसत सांगितलं, की अल्कोहोलनं तिखटाची आग वाढते.

"हे तुला आदी म्हाईत व्हतं?" दत्तानं विचारलं.

"पुस्तकात व्हतं," सुनील म्हणाला.

बाटलीवर लिहिलं होतं, की ही वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी. म्हणून आम्ही ती इमानदारीत कपाटावर ठेवली. दिवस एप्रिलचे, वर पत्रा. पेल्यात ओतली तर काढ्यासारखी गरम. सुनीलनं कॉलेजातून आणलेला थर्मामीटर बुडवला, तर आकडा चाळीसच्या जवळ. मी ती सूचना पुन्हा मोठ्यानं वाचली. वहिनींनी भाकरी थापता थापता विचारलं, "पण कुणाच्या खोलीच्या?"

तिसरा किस्सा अजून पिंपरी पेंढारमध्ये कुणी विसरलेलं नाही. आधीच्या बाटल्यांना फिरकीची झाकणं होती; या बाटलीला बूच, आणि ते काढायचं हत्यार आमच्याकडं नव्हतं. मी मेकॅनिक, तेव्हा जबाबदारी माझ्यावर. स्क्रूड्रायव्हरनं बूच आत ढकलायला गेलो, तर वाईनचं कारंजं थेट दत्ताच्या पांढऱ्या शर्टावर. तो तसाच उसाकडच्या हौदावर शर्ट धुवायला गेला. दिवस मावळत होता. शेजारच्या काकू दूध घेऊन येत होत्या. त्यांना दिसलं ते एवढंच, की उसाच्या कडेला दत्ता वाकलाय आणि छाती लालभडक.

त्यांनी "बिबट्या!" म्हणून जी किंकाळी फोडली, ती मला पार घराच्या ओट्यावर ऐकू आली.

आमच्याकडं हा शब्द कुणी गमतीत घेत नाही. मागच्याच वर्षी दत्ताच्या गोठ्यातनं कालवड गेली होती. दहा मिनिटांत सगळी वस्ती काठ्या, बॅटऱ्या, फटाके घेऊन हजर. एका म्हाताऱ्या बाबांनी दत्ताला धरून जखम शोधायला शर्ट वर केला. मग थांबले. शर्टाचा वास घेतला, आणि काठी खाली ठेवत म्हणाले, "बिबट्या नाय. बाटली हाय."

लोक बिबट्याला जेवढे घाबरले नव्हते, तेवढे ते ऐकून हादरले. दत्ता आठ दिवस पारावर फिरकला नाही.

पुढं वायनरीचे साहेबच एकदा जेवायला आले. वहिनींनी फोनवर मासवडीचा बेत सांगितला होता. साहेब बाहेरचे. ते माशाला चालणारी पांढरी वाईन बर्फाच्या डब्यात घेऊन आले. जेवण झालं, साहेबांनी सहा वड्या खाल्ल्या, आणि मग हळूच विचारलं, की मासा कधी येणार. मासवडीत बेसन, तीळ आणि खोबरं असतं, मासा औषधालासुद्धा नसतो, हे कळल्यावर माणूस ताटाकडं बघतच राहिला. खरा धक्का मात्र आम्हाला बसला, कारण ती वाईन मासवडीबरोबर लई भारी लागली होती.

आता शेवटचा.

सुनीलचे वडील आणे पठारावर राहतात. वय पंच्याहत्तरच्या पुढं. तरुणपणी बारा वर्षं मुंबईत नोकरी, कसली ते कधी सांगितलं नाही; नंतर शेती. पंचशीलाचा माणूस, रोज सकाळी बुद्धवंदना, आणि दारूच्या वाऱ्याला उभं राहणं नाही. सुनीलनं त्यांना सांगून ठेवलं होतं, की शनिवारी कॉलेजात जादा प्रॅक्टिकल असतं. पन्नाशीतला प्राध्यापक, पण बापाला भिऊन खोटं बोलायचा.

एका शनिवारी ते दत्ताकडं रोपं मागायला आले आणि सरळ ओट्यावर चढले. समोर तीन बाटल्या, पेले भरलेले, आणि मध्ये त्यांचा मुलगा. सुनीलचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, हा आता उठून पळतो का काय.

वहिनींनी पाट दिला, त्यावर बाबा बसले. आमच्या ताटात मटण होतं, आणि त्यांच्यासाठी वहिनींनी हुलग्याच्या पिठाचे, रश्शात शिजवलेले शेंगोळे वाढले. त्यांनी सुनीलचा पेला उचलला. बुडाशी दोन बोटांत धरून हलकेच फिरवला, ट्यूबलाइटसमोर तिरका केला, नाकाशी नेला. थेंबसुद्धा न घेता खाली ठेवला.

"ही मटणाला नको," ते म्हणाले. "शेंगोळ्याबरोबर घ्या. अन् ती दुसरी अजून अर्धा तास उघडी राहू द्या."

आम्ही तसं करून बघितलं. दत्तानं घास तोंडात असतानाच माझ्याकडं बघितलं. तंतोतंत बरोबर होतं.

सुनीलनं विचारलं, "बाबा, तुमाला हे कसं म्हाईत?"

बाबांनी शेंगोळ्यावर लसणाची फोडणी ओतून घेतली.

"तू जन्मायच्या आदीचं हाय ते, मुंबईच्या हॉटेलातल्या नोकरीतलं," म्हणाले, आणि वहिनींकडं आणखी एक भाकरी मागितली.